लोकरीतली अक्षत

रुख्माच्या अंगठ्याला काहीतरी लागलं. कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसाखाली, मेंढीच्या ओल्या लोकरीच्या पार मुळाशी, जिथे काही म्हणता काही लागू नये तिथे, कणभर कठीण असं लागलं आणि तिचे दोन्ही हात पाण्यात जिथल्या तिथे थांबले. दसऱ्याची दुपार होती. सरकी काढायच्या जिनाच्या आवारातली यंत्रं गप्प होती, मोठ्या फाटकावर झेंडूचं तोरण लोंबत होतं, आणि एरवी हवेत सदा तरंगणारे कापसाचे तंतूसुद्धा आज कुठे दिसत नव्हते. तिला आधी वाटलं, गाठ असेल. पाणी जरा जास्त गरम झालं की लोकर गाठी धरते, तशी एखादी बारीक गाठ. तिने ती चिमटीत धरली, हळूच ओढली, उजेडात आणली. तांदळाचा दाणा होता. अख्खा, न तुटलेला. पाण्यात हळद अर्धीअधिक उतरली होती तरी पिवळा तो पिवळाच. "माय वं," एवढंच ती म्हणाली, तेही तोंडातल्या तोंडात. मग तिने दुसरी गादी पातेल्यात घेतली आणि लोकरीत बोटं फिरवली. तिच्यात एक दाणा. तिसरीत हात घालायचा धीर होईना, पण न घालून कसं चालेल? घातला. तिच्यातही एक होता.

आता गादी म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय ही बाई एवढी का घाबरली ते कळायचं नाही. निजायची गादी नव्हे ही. तळहाताएवढी, मेंढीच्या कातड्याची, वर दाट लोकर आणि मागे हात अडकवायला पट्टी. मोटारीला पॉलिश करायची गादी. रुख्माचा नवरा चंद्रभान जिनाचे मालक भैय्याजी यांच्या मोटारीवर ड्रायव्हर होता, आणि ती काळी मोटार आरशासारखी ठेवणं हेही त्याचंच काम. एका गादीने पॉलिश रगडायचं, दुसरीने पुसून घ्यायचं, तिसरीने उजळायचं. एकीचं काम दुसरीला सांगायचं नाही. भिंतीवर तिघींचे तीन खिळे, तेही ठरलेले. काम झालं की त्याच दिवशी धुवायच्या, कारण पॉलिश आत वाळलं की लोकर दगड होते. पाणी कोमट, साबण नाही, रिठा. पिळायचं नाही, दाबायचं. उन्हात टाकायचं नाही, कातडं ताठतं. सावलीत टांगायचं, अर्धी ओल राहिली की लाकडी फणीने विंचरायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जमिनीवर ठेवायचं नाही. हातातून पडली तर पुन्हा धुवायची, मग ती पाहुण्याने पाडो की देवाने. का, तर वाळूचा एक कण लोकरीत शिरला आणि तीच गादी मोटारीवर फिरली, की काळ्या रंगावर चरा उठतो. एकदा उठला की उठला. आज सकाळी या तिन्ही गाद्या त्या मोटारीच्या अंगभर फिरल्या होत्या, आणि तिन्हींच्या पोटात रुख्माच्या पूजेचा तांदूळ होता. मोटार भैय्याजींना आणि घरच्यांना घेऊन आर्वीला गेली होती. चंद्रभानच चालवत होता. संध्याकाळी सोनं वाटायच्या वेळेला परत यायची होती.

त्याने सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. काल खंडेनवमी. त्याने स्वतः अवजारं पुसून पाटावर मांडली, जॅक, पंप, पाने, पेचकस, आणि विडी पेटवत म्हणाला होता, "सगळ्यायले लाव हळद-कुंकू. गाद्यायले नोको लावजो. त्यायले मनातल्या मनात हात जोड." एवढं बोलून तो टायरमध्ये हवा भरायला गेला. रुख्माने पूजा केली. जॅकला लावलं, पंपाला लावलं. आणि मग खिळ्यांवर टांगलेल्या त्या तिघींकडे तिची नजर गेली. धुतलेल्या, विंचरलेल्या, पांढऱ्याशुभ्र. आपल्याच हातच्या. तिच्या माहेरी, रोहण्याला, बाप खंडेनवमीला विळ्यापासून दोरखंडापर्यंत सगळ्याची पूजा करायचा. एका वर्षी कुऱ्हाडीचा तुटका दांडा कोपऱ्यात विसरला तर रात्रीच्या जेवणावरून उठून त्याला कुंकू लावून आला होता. ज्याच्यावर घर चालतं त्याला उपाशी ठेवू नये म्हणायचा. आणि इथे तर पंपाचा मान झाला, पेचकसाचा झाला, आणि ज्यांनी मालकाची मर्जी राखली त्यांना नुसतं मनातल्या मनात? तिला ते बरोबर वाटेना. तिने विचार केला, कुंकू डागेल, हळद डागेल, पण कोरडी अक्षत काय करणार आहे? वाहायची आणि लगेच वेचून घ्यायची. देवाला कळेल आणि लोकरीला कळणारही नाही. तिने निवडून अख्खे दाणे घेतले, चिमूटचिमूट वाहिले, हात जोडले, आणि एकेक वेचून घेतले. सगळे घेतले असं तिला वाटलं. बाईमाणसाने तांदूळ निवडण्यात चूक करावी, तीही खेड्यातल्या! तिचं तिलाच हसू आलं असतं, पण आज हसू कुठलं. तिने ते तीन दाणे तळहातावर ठेवले आणि मूठ मिटली.

ती ज्या खोलीत बसली होती त्याच खोलीत यांच्याआधी ओमप्रकाश नावाचा ड्रायव्हर राहायचा. त्याला तिने पाहिलं नव्हतं. पण त्याच्या बायकोने चुलीमागच्या भिंतीवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक अजून होतं. दोनदा चुना फासला तरी ते आतून उमटायचं. दाराच्या चौकटीला एक वाकडा खिळा होता, त्याला ती बाई म्हणे पोराचा पाळणा बांधायची. मोटारीच्या दाराला फाटकाचा खिळा घासला, एक लांब रेघ उठली, आणि आठवडा व्हायच्या आत बैलगाडीवर सामान चढवून ते लोक गेले. भैय्याजी माणूस वाईट नव्हते. सणाला लुगडं द्यायचे, आजाराला डॉक्टर पाठवायचे. पण मोटारीवर त्यांचा जीव. चरा पाहिला की त्यांना बोलता येत नसे, नुसते आत निघून जायचे, आणि मग मुनीम बोलायला यायचा. हे सगळं तिला शेजारच्या कौशल्याबाईने सांगितलं होतं, आल्याच्या पहिल्याच दिवशी, वाटीभर विरजण देता देता. कौशल्याबाई म्हणजे जिनातल्या फिटरची बायको. मनात काही नाही, तोंडाला कुलूपही नाही. आणि नेमकी तीच आता दारात येऊन उभी राहिली, नवं पातळ नेसून, केसात झेंडू खोचून. सगळ्या बाया टेकडीकडे आपट्याची पानं आणायला निघाल्या होत्या, वाटेत शकुनाचा नीलकंठ पक्षी दिसला तर दिसला. रुख्मा उठली नाही. पातेल्यातल्या पाण्याकडे पाहत म्हणाली की काम आहे. कौशल्याबाई जरा वाकली. तोंड का उतरलंय म्हणून विचारलं, सणासुदीला भांडणबिंडण झालं का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सांगून टाकलं की भांडत असेल तर बरंच आहे, न भांडणारा नवरा जास्त वाईट. मग ती गेली. तिच्या बांगड्यांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

न भांडणारा नवरा. बाईने सहज म्हटलं, पण ते रुख्माच्या बरोबर वर्मावर बसलं. चंद्रभान भांडत नसेच. लग्न होऊन ती वर्ध्याला आली तेव्हा तिला वाटलं होतं, शहर आहे, माणसं बोलत असतील. कसलं काय! सकाळी चहा, दुपारी भाकर, संध्याकाळी पुन्हा भाकर. झालं का, हो झालं. मारणं नाही, ओरडणं नाही, दारू नाही. मायेला तिने एकदा सांगून पाहिलं, तर माय म्हणाली, बाप्पा, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. खरंच होतं ते. फक्त रात्री तो भिंतीकडे तोंड करून निजला की तिला वाटायचं, आपण कुण्या भल्या माणसाकडे उतारू म्हणून आल्यासारख्या आलो आहोत. तो आपल्याला जा म्हणणार नाही आणि ये असंही म्हणणार नाही. दिवसभर जिनाची यंत्रं धडधडायची. त्या धडधडीत तिला स्वतःचंच बोलणं आतल्या आत ऐकू यायचं, आणि यंत्रं थांबली की तेही थांबायचं. दिवसच्या दिवस असे गेले. कशाचं दुःख आहे हे सांगता येत नसेल तर त्या दुःखाला कुणी पाहुणासुद्धा विचारत नाही.

आणि मग यंदा उन्हाळ्यात त्याला ताप आला. हिवतापच, घोंगडी पांघरूनही दात वाजत होते. आदल्या दिवशी पॉलिश केलेल्या गाद्या तशाच राहिलेल्या. तो अंथरुणातून उठला आणि भिंत धरत धरत पातेल्याकडे निघाला. तिने दंडाला धरून त्याला परत बसवलं आणि गाद्या स्वतःच्या हातात घेतल्या. त्याने एवढंसं तोंड केलं, जणू कुणी त्याचं लेकरूच उचललं. पण अंगात त्राण नव्हतं, मग बसल्या बसल्या सांगू लागला. तसं नाही, असं. घासू नोको, दाब. पाणी बदल. अजून बदल. आता गालाले लावून पाय. तिने ओली गादी गालाला लावली. तो म्हणाला, गालाले खोटं बोलता येत नाई, हाताले येते. मग तापातच त्याने तिला नागपूरच्या उस्तादाची गोष्ट सांगितली, त्याने म्हणे शिकवायच्या आधी महिनाभर नुसत्या गाद्याच धुवायला लावल्या होत्या. मग आपल्या आईची सांगितली, ती कशी बहिणीच्या वेण्या घालायची, एकही केस ओढला जाऊ नये म्हणून कशी मुळाशी धरून विंचरायची. संध्याकाळ झाली तरी तो बोलत होता. रुख्माला वाटलं, ताप उतरला की हे थांबेल. थांबलं नाही. त्या दिवसापासून गाद्या तिच्याकडे आल्या. पॉलिशच्या दिवशी ती दारात पातेलं घेऊन बसायची, तो उंबऱ्यावर विडी ओढत बसायचा, आणि लोकरीतलं पाणी नितळ होईपर्यंत दोघं बोलायची. काय बोलायची? काही नाही. हिंगणघाटच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली, हे. आंजीला एकाच्या विहिरीला गोड पाणी लागलं, हे. पण त्याला तिचं नाव घेऊन हाक मारायची सवय लागली होती. त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकलं की तिला अजून दचकायला व्हायचं.

म्हणजे जायचं असेल तर हे बोलणं जाईल. नोकरी, खोली, पुढचा गाव, ते सगळं तिला नंतर सुचलं. बैलगाडीवर सामान चढवायला ती भीत नव्हती. शेतकऱ्याची पोर, कुठेही दोन दगडांची चूल मांडेल. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. तो ओरडणार नाही. तो या तीन दाण्यांकडे पाहील, मान हलवेल, गाद्या उचलून आपल्या हाताने खिळ्यांना टांगेल, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल. नको म्हणून सांगितलेलं तेवढं एक, आणि आपण तेच केलं.

तिने सकाळ आठवायचा प्रयत्न केला. गादी हातात चढवण्याआधी तो नेहमी ती गालाला लावून पाहायचा, आधी उजव्या, मग डाव्या. आज लावली होती का? ती तेव्हा दारापुढे रांगोळी काढत होती. मोटार मागे, जांभळाच्या झाडाखाली. तिची पाठ तिकडे होती. पाठीला काय दिसलं ते आता दुपारी कसं आठवायचं? तरी ती आठवत होती. रांगोळीचा डोळ्यांना टोचणारा पांढरेपणा आठवला, कमळाची पाचवी पाकळी जरा मोठी झाली ते आठवलं, आपण काहीतरी गुणगुणत होतो ते आठवलं. मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, पॉलिशचा उग्र, गोडसर वास. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. तो थोडा वेळ कशाचा होता? गादी गालाला लावल्याचा की विडी पेटवल्याचा? मग लोकर पत्र्यावर फिरल्याचा तो मऊ आवाज सुरू झाला. त्या मऊ आवाजात काही करकरलं होतं का? आता तिला वाटायला लागलं की करकरलं होतं. मग वाटलं, छे, ती तर आपलीच रांगोळीची चिमूट. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, रांगोळी, कमळ, झाकण. आणि दरवेळी त्या शांततेपाशी येऊन तिची वाट बंद व्हायची. आणि गालाला लावली असली तरी काय? लावली असती तर दाणे त्याला लागले असते, लागले असते तर त्याने काढले असते, काढले असते तर आता आपल्या मुठीत हे काय आहे? यातून सुटका नव्हती. मालकीणबाईंनी मोटारीची पूजा केली तेव्हा त्याने त्यांना हात जोडून सांगितलं होतं, कुंकू चाकाला लावा, फूल वर ठेवा, पण अक्षत तेवढी पत्र्यावर नको. त्या हसून बरं म्हणाल्या. मालकिणीला बाहेर अडवलं आणि घरातच दगा झाला.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात होती. खोलीमागे नाली होती. तीन दाणे टाकायचे, वर तांब्याभर पाणी ओतायचं. चरा निघाला तर रस्त्यावरची धूळ म्हणतील, वाळू म्हणतील. तांदूळ कुणाच्या बापाच्या ध्यानात येणार आहे? ती उठून नालीपाशी गेलीसुद्धा. मूठ उघडली. दाणे तळहाताला चिकटले होते. वाहिलेली अक्षत नालीत कशी टाकायची, हा एक विचार आला. पण खरा विचार तो नव्हताच. खरा विचार असा होता की आज टाकले तर पुढच्या वेळी तो उंबऱ्यावर विडी ओढत बसेल, म्हशीची गोष्ट सांगेल, आणि आपण ऐकताना आतून दुसरंच काही ऐकत असू. मग भिंतीकडे तोंड करून निजायची पाळी आपली. तिने दाणे पदराच्या टोकाला बांधले, करकचून गाठ मारली, आणि परत पातेल्याशी येऊन बसली. काम तर टाकून चालणार नव्हतं. तिने पाणी बदललं. पुन्हा बदललं. गाद्या तळहातांमध्ये दाबल्या, पाणी नितळ येईपर्यंत दाबल्या, झटकल्या, आणि ओसरीच्या सावलीत दोरीवर टांगल्या. मग फणी घेतली. मुळाशी धरून, एक केस न ओढता ती विंचरत राहिली, आणि विंचरता विंचरता तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून जेवलो नाही. पुरणाच्या पोळ्या झाकून ठेवल्या होत्या. खाव्याशा वाटल्या नाहीत.

उन्हं कलली तशी मोटार आली. भोंगा तिने ओळखला. फाटकाशी तो दोनदा वाजवायचा. ती ओसरीच्या खांबामागे उभी राहिली. आर्वीच्या रस्त्याने मोटारीचं काळेपण पार गिळलं होतं. वरपासून खालपर्यंत धूळ, आणि त्या धुळीवर सकाळचा झेंडूचा हार मलूल पडलेला. चरा असला तरी आता दिसणार नव्हता, नसला तरी दिसणार नव्हता. मालकीणबाई उतरल्या, आत गेल्या. भैय्याजी उतरले ते थांबले. त्यांनी बॉनेटवर एक बोट ठेवलं, हळूच ओढलं, धुळीत एक काळी रेघ उमटली. ते वाकले. त्या रेघेत काहीतरी पाहिलं. मग बोट धोतराला पुसलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेले. रुख्माच्या हाताला खांबाचा गारवा लागला. बोलले नाहीत. चरा पाहिला की ते बोलत नाहीत.

चंद्रभान हातपाय धुऊन आला. टोपीत आपट्याची पानं खोचलेली, तोंडावरची रस्त्याची धूळ जाऊन कपाळ उजळ दिसत होतं. त्याने दोरीवरच्या गाद्या पाहिल्या, एक उचलून गालाला लावली, परत टांगली आणि उंबऱ्यावर बसला. विडी काढली. तिने ठरवलं होतं की आधी पाणी द्यायचं, जेवू घालायचं, मग सांगायचं. पण तिचं तोंड तिचं ऐकेना. ती त्याच्यापुढे उभी राहिली, पदराची गाठ सोडायला लागली, गाठ सुटेना, दातांनी सोडली, आणि तळहात पुढे केला.

"अजी, मी काल गाद्यायले अक्षता वाह्यल्या होत्या," ती म्हणाली. "तुमी नोको म्हणलं होतं तरी. वेचल्या म्हणलं सगळ्या. हे राह्यले."

त्याने दाण्यांकडे पाहिलं. विडी कानावर ठेवली. ती वाट पाहत राहिली की आता मान हलेल, आता उठेल, आता खिळ्यांकडे जाईल.

"हाव," तो म्हणाला. "मले माईत हाय."

तिला काही उमजलं नाही. मग कुठून सुरुवात करावी तेच त्याला कळत नसल्यासारखं मानेमागे खाजवत तो सांगू लागला. सकाळी गादी गालाला लावली तर टोचलं. तिन्ही गाद्या पाहिल्या, तिन्हींत होते, चांगले आठ-दहा दाणे. वेचले, फणी फिरवली, पुन्हा गालाला लावून पाहिल्या, मग कामाला हात घातला. मोटारीला काही झालेलं नव्हतं. भैय्याजी धुळीत रेघ ओढून पाहत होते ते याचसाठी की खालून कशी चमकते. आर्वीला जावयाने पॉलिशची तारीफ केली होती, तेव्हापासून त्यांना घडीघडी बोट लावून पाहायची सवय लागली होती.

"मंग हे कोनते?" रुख्माने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"त्यातलेच." त्याने तिच्याकडे न पाहता दोरीकडे पाहिलं. "काम झाल्यावर परत ठेवले म्या. एकीत एक. बाकीचे तुळशीत टाकले. तुनं वाह्यलं होतं न वं. जाता जाता सगळंच काढून टाकाव म्हणलं तं बरं नाई वाटलं."

"सांगतलं काऊन नाई मले?"

"तू रांगोळी काढून राह्यली होती. गानं म्हनून राह्यली होती." तो थांबला. "सांगतलं असतं तं थांबली असती."

रुख्मा खाली बसली. सकाळची ती शांतता, जिच्यापाशी तिची वाट दिवसभर बंद होत होती, ती आता उघडी पडली. डब्याचं झाकण, मग थोडा वेळ काहीच नाही. त्या थोड्या वेळात तो जांभळाखाली उभा राहून तिचे दाणे वेचत होता, आणि तिचं गाणं ऐकत होता. तिला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. त्याने घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला. ती प्यायली, आणि पाणी पोटात उतरलं तशी तिला सपाटून भूक लागली. दुपारभर एक बाई या ओसरीवर बसून भीत होती ती कोण, असं तिला वाटलं. बिचारीला कुणी एक शब्द सांगितला असता तर! फाटकातून कौशल्याबाई आणि बाया परतत होत्या, एकमेकींना नीलकंठ दिसला की नाही म्हणून विचारत होत्या. रुख्माने आतून पुरणाची पोळी आणली, ताटात नव्हे, हातातच, आणि उभ्याउभ्याच खाल्ली. तुपाचा ओघळ मनगटावर आला तो तिने चाटला. चंद्रभान पाहत होता. त्याने तिला कधी असं खाताना पाहिलं नव्हतं.

मग त्याने टोपीतलं एक आपट्याचं पान काढून तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं, पायाला हात लावला. द्यायला तिच्याकडे पान नव्हतं. ती सोनं आणायला गेलीच नव्हती. डाव्या मुठीत मात्र अजून ते तीन दाणे होते. तिने मूठ उघडली आणि विचारलं, आता यांचं काय करायचं. गाद्यांवर तर ठेवता येत नाहीत, त्या ओल्या आहेत.

"माह्यावर टाक," तो म्हणाला. "मी बी तं भैय्याजीचं अवजारच आहो. मले कोनं वाह्यल्या अक्षता?"

तो थट्टा करत होता. चंद्रभान थट्टा करत होता! त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मान तिच्यापुढे वाकवली. तिने इकडेतिकडे पाहिलं, बाया आपापल्या घरात शिरल्या होत्या. तिने तीन दाणे त्याच्या डोक्यावर ठेवले, हात जोडले. दोन घरंगळून उंबऱ्यावर पडले. तिसरा केसात शिरला. सवयीने तिची बोटं लगेच त्याच्या मागे गेली, मुळाशी, एक केस न ओढता, इकडून तिकडे शोधत.

"राहू दे रुख्मा," तो मान खाली घालूनच म्हणाला. "इथं काई चरा पडत नाई."